लोणी लागलेलं पुस्तक

कर्स्टी डुथी डनीडन शहरात डिझाइन शिकत होती. ते म्हणजे नक्की काय, हे ग्लेनकरी गावाला समजावून सांगणं तिने दुसऱ्या वर्षीच सोडून दिलं होतं. कुणी विचारलं की ती म्हणायची, "चित्रं काढते." मग समोरचा माणूस खूश व्हायचा आणि आपल्या कुत्र्याचा फोटो दाखवायचा. तिच्या शिक्षणातून गावाच्या पदरात आत्तापर्यंत पडलं होतं ते एवढंच: हरवलेल्या कुत्र्यांची दोन पत्रकं, मेंढ्यांच्या लिलावाची एक पाटी आणि बोल्स खेळायच्या क्लबच्या संडासावर 'कडी नीट लावा' असा अत्यंत देखणा मजकूर. त्या मजकुराचं अक्षरवळण निवडायला तिने तीन आठवडे घेतले होते. कडी अजूनही कुणी नीट लावत नव्हतं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला खऱ्या माणसांसाठी खरं काम करावं लागायचं. एक ब्रँड उभा करायचा, म्हणजे नाव, लोगो, वेष्टण सगळं, आणि त्याच्या जोडीला एक पुस्तक. वर्गातल्या एकाने जिन गाळणारी कंपनी पकडली, एकीने लोकरीचे महागडे मोजे. आपण कुणाला पकडावं, असा विचार कर्स्टी करत होती, तेवढ्यात तीच पकडली गेली. नोलीन आंटीचा फोन आला.

नोलीन आंटी ही तिच्या आईची थोरली बहीण, शिवाय ग्लेनकरी हॉल समितीची अध्यक्ष. गेल्या एकवीस वर्षांत त्या खुर्चीसाठी दुसरं नाव सुचवायची कुणाची छाती झाली नव्हती.

"काय गं, तुला कुणाचं तरी काम हवंय म्हणे?" आंटी म्हणाली. "आमचं कर. रोलचं."

"रोलचं काय करू?"

"ते मी सांगू? शिकतंय कोण, तू की मी?"

झालं होतं असं, की हॉलचा ओव्हन मेला होता. नवा घ्यायचा म्हणून समितीच्या बायकांनी चीज रोल करून विकायला काढले होते. पांढऱ्या पावाची स्लाइस, तिच्यावर चीज, डब्यातलं दूध आणि कांद्याच्या सुपाचं पाकीट शिजवून केलेलं सारण, त्याची गुंडाळी, वरून लोणी, मग भाजायचं. रोल म्हणजे एवढंच. बाकी सगळं राजकारण. रोल विकून ओव्हन घ्यायचा आणि ओव्हन आला की त्यात रोल भाजायचे, यात कुणालाही काही चमत्कारिक वाटत नव्हतं. पण शेजारच्या गावाने आपल्या रोलवर छापील चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली होती, आणि ते मात्र सहन होण्यासारखं नव्हतं.

कर्स्टीने कामाला जीव लावून सुरुवात केली. भिंतभर कागद चिकटवले. पावाच्या एकतीस स्लाइसांचे फोटो काढले, वितळलेल्या चीजचे पिवळे रंग ओळीने मांडले. पुस्तकाला तिने नाव दिलं, 'पावापलीकडे: दक्षिणेच्या एका स्मृतिवस्तूचा शोध'. तिचे शिक्षक रेवी आले. हा माणूस कायम काळ्या कपड्यांत, आणि चार वर्षांत त्याच्या तोंडून 'का?' याखेरीज फारसं काही ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भिंतीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "पलीकडे का?"

"म्हणजे... पाव हे फक्त माध्यम आहे आणि..."

"चीज रोल आहे ना तो?"

"हो."

"मग अलीकडेच राहा," असं म्हणून ते मोज्यांकडे गेले.

पहिला लोगो घेऊन ती गावी आली. एक सुरेख वळत जाणारी रेघ, रोलचं टोक समोरून दिसावं तशी. हॉलमध्ये चौदा बायका जमल्या होत्या. चौदाही जणींनी मान तिरकी करून पाहिलं.

"गोगलगाय छान आलीय," जॉइस पुलर म्हणाली. जॉइस समितीची खजिनदार, आणि नोलीन आंटीची शाळेपासूनची मैत्रीण. ती आंटीशी भांडल्याशिवाय जेवत नसे.

दुसरा लोगो, रोल बाजूने. तो सतरंजी ठरला. तिसरा, एकावर एक तीन रोल. "लाकडं विकायला काढलीत होय?" असं विचारायला खुद्द सरपणवाल्याचा फोन आला. कर्स्टीने दात-ओठ खाऊन चौथा काढला. या वेळी तिने रोललाच डोळे आणि हसरं तोंड दिलं. आता तरी कुणी चुकणार नव्हतं.

नोलीन आंटीने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"हा गॉर्डन आहे," ती म्हणाली.

गॉर्डन म्हणजे तिचे यजमान. जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"अगदी गॉर्डन!" जॉइस म्हणाली. "रजईत गुंडाळून टीव्हीपुढे बसायचा तेव्हा अस्साच दिसायचा. पण कर्स्टी, त्याला डझनावारी विकणं काही बरं दिसणार नाही."

तो कागद आंटीने मागून घेतला आणि फ्रिजच्या दारावर लावला. कर्स्टी नव्याने सुरुवात करायला डनीडनला परतली. दोन महिन्यांत असे अठ्ठावीस लोगो झाले, आणि एकातही कुणाला चीज रोल दिसला नाही.

पुस्तकाची गत त्याहून वाईट होती. चौदा घरांत जाऊन तिने चौदा कृती लिहून घेतल्या. बायकांनी भरभरून सांगितलं, चहा पाजला, जुने फोटो काढून दिले. मग ती आपल्या बिऱ्हाडी एकेक कृती करून बघायला लागली. चाखायला होती तिची घरसोबतीण लोसा. ही दूरच्या बेटावरच्या आपिया शहरातली मुलगी, नर्सिंगला होती आणि खाण्याच्या बाबतीत कुणाची भीड ठेवायची नाही.

"ही कुणाची?" लोसाने चावत विचारलं.

"जॉइसची. पंचक्रोशीत नाव आहे तिच्या रोलचं."

"पंचक्रोशीला दात नाहीत का? अगं, हे खोडरबर आहे."

दुसऱ्या बाईच्या कृतीने सारण पातळ होऊन वाहून गेलं. तिसरीचं कोपराला चिकटलं ते गरम पाण्यानेच निघालं. नोलीन आंटीच्या कृतीचे रोल बरे झाले, पण आंटीच्या हातचे ते नव्हेत, हे कर्स्टीला लहानपणापासून खाल्ल्यामुळे कळलं.

लोसाने हात पुसले आणि निदान केलं. "यांनी तुला रोलसारखं गुंडाळलंय. प्रत्येकीने एक-एक गोष्ट गाळून सांगितलीय."

"माझी सख्खी मावशी आहे ती!"

"माझीही आहे एक. तिने आईला अजून तिच्या नारळाच्या बन्सची खरी कृती दिलेली नाही. आई मेली तरी देणार नाही."

कर्स्टीला ते पटलं, पण आता इलाज नव्हता. ऑक्टोबर उजाडला होता, सादरीकरण मंगळवारवर आलं होतं. तिने गाळीव कृतींचंच पुस्तक बांधायला घेतलं. आणि इथे मात्र तिची कला फळाला आली. पानं बरोबर पावाच्या स्लाइसएवढी. मुखपृष्ठ जाड, मऊ, सायीच्या रंगाचं. नऊ दिवस खपून तिने हाताने शिवलेली ती एकुलती एक डमी, म्हणजे नमुना प्रत, पावाच्या खऱ्याखुऱ्या पिशवीत घातली आणि तोंडाला गाठ मारली, कारण आमच्याकडे रोल विकतात ते असेच, पावाच्या पिशवीत डझनभर, गोठवून. रेवींनी पिशवी हातात घेऊन वजन पाहिलं. "का?" विचारलं नाही. कर्स्टी जिना उतरली ती दोन-दोन पायऱ्या एकदम.

शनिवारी सकाळी ती समितीला दाखवायला म्हणून पुस्तक घेऊन हॉलवर आली. रोल भरायचा दिवस होता. लांबलचक टेबलांवर एक बाई सारण लावतेय, दुसरी गुंडाळतेय, तिसरी पिशवीत भरतेय, आणि नोलीन आंटी मधून फिरत "कडा! कडा!" असं ओरडतेय. कर्स्टीने पुस्तक टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि चहाचं मोठं भांडं उचलायला आत गेली. ती आत होती चार मिनिटं.

बाहेर आली तर कोपरा मोकळा. टेबलं मोकळी. खोकी भरून आंटीच्या पिकअपमधून गेलीसुद्धा होती, वीस घरांना.

"इथली पिशवी कुठे गेली?" तिने विचारलं.

"कुठली?" जॉइस म्हणाली. "मी सगळ्या पिशव्या मोजून खोक्यांत भरल्या. एक जास्तच निघाली. म्हटलं, चला, कुणीतरी हात चालवलेले दिसतात."

"जॉइस, ती जास्तीची माझं पुस्तक होतं!"

जॉइसने क्षणभर विचार केला. "मग पुस्तक चांगलं झालंय गं. मला जरासुद्धा शंका आली नाही."

चार वर्षांच्या शिक्षणात कर्स्टीला मिळालेली ही सर्वांत मोठी दाद होती, पण तेव्हा तिला ती घेता आली नाही. ती भांड्याजवळ बसून रडायला लागली. आंटी परत आली, प्रकार ऐकला आणि गाडीची किल्ली हातातून खाली न ठेवता म्हणाली, "चल. वीसच तर घरं आहेत."

वीस घरं, वीस फ्रीझर. प्रत्येक घरी आधी चहा. प्रत्येक घरी "आलीच आहेस तर खाऊन जा" म्हणून एक रोल. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण रोल समितीचे आणि दारात समितीची अध्यक्ष. आंटी फ्रीझरमध्ये कमरेपर्यंत वाकून एकेक पिशवी दाबून बघायची आणि आतून ओरडायची, "हे मटार! हा कोकराचा पाय! हे काय आहे रे, विली?" विलीला आठवत नव्हतं. संध्याकाळपर्यंत बारा घरं झाली, कर्स्टीच्या पोटात बारा रोल गेले, आणि पुस्तकाचा पत्ता नव्हता.

रविवारी अकराच्या सुमाराला त्या दोघी हेक मोवटच्या दारात पोचल्या. हेक एक्याऐंशी वर्षांचा, बिनलग्नाचा. सारी उमर त्याने मेंढ्यांची लोकर कातरण्यात घालवली होती. या भागातलं एकही शेत नव्हतं जिथे तो कातरणीला गेला नव्हता, आणि एकही स्वयंपाकघर नव्हतं जिथे दहाच्या चहाला बसला नव्हता. तो पायरीवर ऊन खात बसला होता. कानावर सुताराची पेन्सिल, मांडीवर पुस्तक.

"ये पोरी," तो म्हणाला. "तुझंच ना हे? जरा लोणी लागलंय."

"लोणी?"

"माझा चष्मा सापडत नव्हता. पिशवीतनं काढलं, म्हटलं सगळे रोल एकमेकांना चिकटून गोठलेत. वरून लोणी लावलं. ग्रिलखाली घालणार, तर चष्मा लोण्याच्या डब्यामागेच निघाला." तो थोडा ओशाळला. "मग वाचायला बसलो. छान आहे, पण चुका फार आहेत. मी दुरुस्त केल्यात."

मुखपृष्ठावर तळहाताएवढा डाग पसरला होता, आणि त्यातून आतलं पान धूसर दिसत होतं. कर्स्टीने पुस्तक उघडलं. प्रत्येक कृतीच्या शेजारी पेन्सिलीचं ठळक अक्षर होतं.

'जॉइस: मोहरीची पूड, अर्धा चमचा. डबी पिठाच्या मागे लपवते.'

'मर्टल: एक नव्हे, दोन पाकिटं सूप. तरीच.'

'डॉरीन: ही कृती डॉरीनची नाहीच. तिच्या नणंदेची आहे. बोलत नाहीत.'

"हेक, हे तुम्हाला कसं माहीत?"

"बावन्न वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात बसलोय. बाईला वाटतं, कातरणीचा गडी खाली मान घालून खातो. मान खाली असते, डोळे नसतात."

आंटी फाटकाशी हेकच्या कुत्र्याला झापत होती. कर्स्टीने घाईघाईने नऊ नंबरचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं: 'नोलीन: मार्गारीन.'

ती पुढचं वाचायचंच विसरली. आमच्या भागात घराच्या चारी बाजूंना गाई चरतात. तिथे हॉल समितीची अध्यक्ष, रोलच्या बाबतीत जिचा हात तीस वर्षं कुणी धरू शकलं नाही, ती मार्गारीन, म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी, वापरते? हे म्हणजे पाद्र्याच्या घरात मूर्ती सापडण्यासारखं होतं.

"काय लिहिलंय गं?" आंटीने गाडीत विचारलं.

"शुद्धलेखन," कर्स्टी म्हणाली आणि पुस्तक मांडीखाली घालून त्यावर बसली.

घरी येऊन तिने खोडरबर काढलं. नऊ नंबरच्या पानावर टेकवलं, आणि तसाच हात थांबला. खोडायला तिचं मन होईना. दोन महिन्यांत या पुस्तकात पहिल्यांदा काही खरं आलं होतं, आणि ते तिने आणलेलं नव्हतं. पण विचारल्याशिवाय ते कुणाला दाखवणंही बरं नव्हतं. तिने समितीला सोमवारी सकाळी बोलावलं. आंटीला आधी एकटीला गाठून सांगायचं, असं ठरवलं होतं. पण हॉलवर जॉइस आणि बाकीच्या तिच्याही आधी येऊन बसल्या होत्या.

"बघू, लोणी कुठे लागलंय?" जॉइसने पुस्तक हातातून ओढून घेतलं आणि स्वतःचं पान काढलं. तिचे कान लाल झाले. "पिठाच्या मागे! मेला हेक! मी म्हणायचे हा एवढा वेळ चहा का ढवळतो!"

"मोहरी?" बाकीच्या म्हणाल्या.

"मोहरी तर मोहरी! मर्टल दोन पाकिटं घालते, ते बघा!"

"दोन?" आंटी कडाडली. "मर्टल, भर समितीत तू एक म्हणाली होतीस!"

मग जो गोंधळ माजला त्यात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. पुस्तक या हातातून त्या हातात जात होतं. डॉरीन नणंदेचं नाव काढल्यावर रडली, मग तिने नणंदेला फोन लावला, मग दोघी फोनवर रडल्या. आणि कुणीतरी नऊ नंबरचं पान मोठ्याने वाचलं.

सगळ्यांच्या माना एकदम अध्यक्षांकडे वळल्या.

नोलीन आंटीने ॲप्रनची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "गॉर्डनच्या छातीत दुखलं तेव्हापासून," ती म्हणाली. "डॉक्टरांनी लोणी बंद केलं. त्याला कळलं असतं तर तो जेवला नसता. म्हणून सगळ्यांचेच तसे करायला लागले. तो गेला, तरी हात तिकडेच जातो." मग ती म्हणाली, "हवं तर राजीनामा देते."

कर्स्टी काही बोलणार, तोच जॉइस उठली. ती आंटीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"तीस वर्षं," जॉइस म्हणाली, "तीस वर्षं मी लोणी बदलून बदलून बघतेय, तुझ्यासारखे का होत नाहीत म्हणून! घरी तीन मासिकं मागवली मी! आणि तू मार्गारीन!" मग तिला हसू फुटलं. ते आवरेना, ती टेबलाला धरून खाली बसली. मग आंटी हसली, मग सगळ्याच. "छाप गं पोरी," जॉइस डोळे पुसत म्हणाली. "सगळं छाप. पण माझी मोहरी छापलीस तर हिचं मार्गारीन मोठ्या अक्षरात पाहिजे."

शेवटच्या पानावर हेकने एक चित्रही काढलं होतं. गुंडाळी कशी घालायची हे दाखवायला स्लाइसच्या दोन कडा मध्ये दुमडलेल्या, रेघ वाकडी, एक बाजू जाड. मर्टलने ते पाहिलं आणि सहज म्हणाली, "अय्या, चीज रोल."

बाकीच्या तेराही जणींनी मान डोलावली. एकीचीही तिरकी झाली नाही.

कर्स्टीला हसावं की रडावं कळेना. चार वर्षं, अठ्ठावीस लोगो, आणि हा म्हातारा पायरीवर बसून सुताराच्या पेन्सिलीने मोकळा झाला होता.

मंगळवारी तिने रेवींसमोर सगळं जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी डागावरून बोट फिरवलं, पेन्सिलीच्या नोंदी वाचल्या, आणि नऊ नंबरच्या पानाशी आल्यावर त्यांच्या खांद्यांना हसण्याचा हिसका बसला. चार वर्षांत हे प्रथमच.

"डाग तू केलास?"

"नाही. हेकने."

"नोंदी?"

"हेकने."

"लोगो?"

"तोही त्यानेच."

"मग तू काय केलंस?"

कर्स्टीने विचार केला. "मी अठ्ठावीस वाईट काढले, म्हणून हा चांगला आहे हे मला कळलं. आणि खोडलं नाही."

रेवींनी वहीत काहीतरी लिहिलं. "का?" विचारलं नाही. तिला वर्गात दुसरा नंबर मिळाला. पहिला मोज्यांना गेला, आणि लोसाने त्या मोज्यांबद्दल जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुस्तक 'खरं काय घालतात' या नावाने छापलं गेलं. मुखपृष्ठावर डाग हवाच, असा समितीचा हट्ट. छापखान्यात तसा डाग जमेना. तेव्हा एका शनिवारी चौदा बायका टेबलांशी ओळीने बसल्या आणि त्यांनी तीनशे पुस्तकांना हाताने लोणी लावलं. नोलीन आंटी मधून फिरत "कडा सोडून! कडा सोडून!" असं ओरडत होती. पुस्तकं हातोहात गेली, कारण जिला-तिला शेजारणीचं पान वाचायचं होतं. पहिल्या आठवड्यात ग्लेनकरीतल्या कुत्र्यांनी बेचाळीस प्रती फस्त केल्या. त्या घरांनी पुन्हा विकत घेतल्या, आणि त्यामुळे ओव्हन अपेक्षेपेक्षा लवकर आला.

कर्स्टी डनीडनलाच राहील किंवा ऑकलंडला जाईल, असं सगळ्यांना वाटत होतं. तिने गावातच गुरांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागची खोली भाड्याने घेतली. तिथे ती मधाच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या करते, बियाण्यांची पोती करते, एकदा तर मेंढ्यांच्या जंताच्या औषधाचा डबा केला, तो फार गाजला. ऑफिसचं भाडं डॉक्टर कधीकधी केकवर भागवून घेतो.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावाने, त्या छापील चिठ्ठीवाल्यांनी, तिला बोलावलं. त्यांनाही पुस्तक हवं होतं. फळं भरून भाजलेल्या पाईचं. कर्स्टीने गाडी काढली आणि वाटेत हेकला घेतलं. समितीच्या अध्यक्षीणबाई हसत दारात आल्या, "या, या, सगळं सांगते हं तुम्हाला, अगदी मोकळेपणाने." तेवढ्यात गाडीचं दुसरं दार उघडलं आणि हेक पेन्सिल कानावर सारत सावकाश खाली उतरला. बाईंचं हसू तिथेच थिजलं. "आलेच एक मिनिट," असं म्हणून त्या आत वळल्या, आणि स्वयंपाकघरातून कपाटाची दारं एकामागून एक लागल्याचा आवाज आला.

"वरच्या फळीवर आहे," हेक कर्स्टीच्या कानात म्हणाला. "डावीकडे."